फाउंड्रीचे बिल्ले

"इथं खिळे होते," लेम्युएल टॉलिव्हर म्हणाला.

शववाहिकेचं मागचं दार उघडं होतं आणि म्हातारा कमरेपर्यंत आत वाकला होता. त्याचा तळवा गाडीच्या लाकडी तळावरून पुढे जाई, मागे येई, पुन्हा पुढे जाई. अंधारात ओळखीचा चेहरा चाचपावा तसा. लाकूड लख्ख होतं. त्यात त्याला स्वतःची टोपी दिसत होती, बाकी काही नाही.

"होते ना," मागे उभे असलेले हॅल्व्हर्सन खुशीत म्हणाले. "सगळे काढले. भोकं भरली, वर पॉलिशचे हात दिले. आता कुठं भोक होतं ते दाखवा बरं. पैज लावतो, नाही सापडायचं."

हॅल्व्हर्सन हे निवृत्त दंतवैद्य. जन्मभर टॅमरॅक गावच्या लोकांच्या दाढा भरल्या, आणि हात मोकळे झाल्यावर गावात पूर्वी बनणाऱ्या ब्रॅनक गाड्यांच्या मागे लागले. ब्रॅनक मोटार संग्रहालयाचे ते अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता. प्रेमानं केलं होतं त्यांनी सगळं. म्हणूनच लेम्युएलला त्यांच्यावर ओरडता येईना.

"खिळ्यांखाली बिल्ले होते," तो म्हणाला.

"हो, ते पितळी, कामगारांच्या नंबरांचे. ते मूळचे नव्हते हो गाडीचे. आमच्या स्पर्धेचा नियमच आहे, फॅक्टरीच्या दारातून गाडी जशी निघाली तशीच पाहिजे. एक स्क्रू जरी नंतरचा निघाला तरी गुण कापतात. शिकागोच्या परीक्षकांनी तळ बघितला आणि नुसते बघतच राहिले, टॉलिव्हर. पहिला नंबर आलाय आपल्या गाडीचा."

"आपल्या?"

"म्हणजे तुमच्या चर्चच्या. आमच्याकडं ठेवायला दिलेली."

लेम्युएल हळूहळू सरळ झाला. ऐंशीच्या घरातली पाठ, ती सरळ व्हायला वेळ घेते. ब्रॅनकच्या फाउंड्रीत, लोखंडाच्या ओतशाळेत, त्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली होती. वितळलेल्या लोखंडाची भरलेली पळी घेऊन चालताना धावायचं नाही, आणि ओल्या जमिनीवर थेंब सांडू द्यायचा नाही. सांडला तर तो फुटून उडतो आणि आधी आपलेच डोळे जातात. राग त्यानं आयुष्यभर तसाच वाहून नेला होता.

"बिल्ले कुठायत?"

"संग्रहालयाच्या दुकानात असतील, समोर. आमच्या समितीतल्या बायकांनी छान कल्पना काढली. कड्या लावून किल्ल्या अडकवायला केले. कंपनीच्या शताब्दीला एवढे लोक आले होते, हातोहात गेले. लोकांना खरी वस्तू आवडते." हॅल्व्हर्सननी गाडीची किल्ली पुढे केली. तिच्या कडीला एक पितळी चकती लोंबत होती. "ह्या गाडीलाही एक लावलाय बघा. शोभतो की नाही?"

लेम्युएलनं चकती उलटी केली. डोळ्यांशी नेली. आकडा झिजला होता, पण काठाला दाताचा खड्डा होता. एझ्रा गेन्सचा बिल्ला. एझ्राला विचार करताना बिल्ला चावायची खोड होती.

तो दुकानात गेला. काउंटरमागच्या बाईनं हसून स्वागत केलं. भिंतीवर ब्रॅनकच्या सगळ्या मॉडेलांची रंगीत चित्रं रांगेनं लावली होती. ब्रॅनक मंडळी आधी स्वयंपाकाच्या शेगड्या ओतायची, तिथपासून सुरुवात. मग पहिली गाडी, उघडी, घोड्याविना बग्गी असावी तशी. मग लांब नाकाची सिक्स, जी शेजारच्या राज्याच्या गव्हर्नरनं घेतली. मग मंदीतली छोटी स्वॅलो, तिनं कंपनी तारली. युद्धातली रुग्णवाहिका. आणि शेवटची पॅरागॉन, क्रोमचे दात विचकून हसणारी, तिनं कंपनी बुडवली. प्रत्येकीचे रंग वेगळे होते, शेवाळी, मोतिया, दारूसारखा तांबडा. ह्या सगळ्या गाड्यांची इंजिनं जिथं ओतली गेली तिथं मात्र एकच रंग होता. भट्टीपाशी काळ्या माणसांखेरीज कोणाला घेत नसत, आणि काळ्या माणसाला भट्टीखेरीज कुठं घेत नसत. त्यांचाही एक फोटो भिंतीला होता. धुरात उभी वीसएक माणसं. खाली लिहिलं होतं, 'ओतकाम विभाग, नावे उपलब्ध नाहीत.'

डावीकडून तिसरा लेम्युएल होता. तो इथं अर्ध्या मैलावर राहत होता आणि त्याचं नाव कोणीही विचारलं असतं तर मिळालं असतं.

फिरत्या स्टँडला तीन बिल्ले उरले होते. त्यानं तिन्ही उलटून पाहिले. ऑर्लीनचा, त्याच्या बायकोचा, त्यात नव्हता.

"आवडला का एखादा?" बाई म्हणाल्या. "तुम्ही तिथं कामाला होतात ना? मग घ्या की. तुम्हाला असाच देते."

"असाच," लेम्युएल म्हणाला. बाईंना वाटलं तो आभार मानतोय.

तिन्ही बिल्ले खिशात टाकून तो बाहेर पडला.

*

ऑर्लीन युद्धाच्या काळात फाउंड्रीत वाळूचे गाभे करायची, ओतताना लोखंडात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात ते. पुरुष रणांगणावर गेलेले, म्हणून बायकांना घेतलं होतं. केसांतली वाळू रविवारी चर्चमध्येसुद्धा तिच्या कॉलरवर पडायची, आणि लेम्युएल मागच्या बाकावरून ती बघत बसायचा. तिथूनच जमलं दोघांचं. युद्ध संपल्यावर बायकांना घरी पाठवलं. बिल्ला परत मागितला तेव्हा हरवला म्हणून तिनं तोंडावर सांगितलं आणि तो साखरेच्या डब्यात ठेवून दिला. पुढं कंपनीच बंद पडली, त्या शेवटच्या संध्याकाळी पहारेकरी फाटकाशी बिल्ले गोळा करत उभे होते. थॅडियस पेटवेनं आपला बिल्ला जिभेखाली घातला. पहारेकऱ्यानं विचारलं, बिल्ला कुठाय, तर थॅडियसनं तोंड मिटून नुसती मान हलवली, एखाद्या मुक्या संतासारखी. मागच्या सगळ्यांनी तेच केलं. पन्नासभर माणसं फाटकातून गेली, एकानंही गुड नाइट म्हटलं नाही. फाउंड्रीनं कोणाची फुप्फुसं घेतली, कोणाचा डोळा घेतला. बदल्यात त्यांनी चिमूटभर पितळ नेलं.

त्या वेळी गावातले अंत्यविधीवाले गोऱ्यांना शववाहिकेतून नेत आणि काळ्यांना सामान वाहायच्या गाडीतून. बुडालेल्या कंपनीची एक पॅरागॉन शववाहिका विक्रेत्याकडे धूळ खात पडली होती. फाउंड्रीवाल्यांनी वर्गणी काढून ती चर्चसाठी घेतली. आपण ओतलेल्या इंजिनानंच आपल्याला न्यावं, असं थॅडियस म्हणाला होता. चालवायला लेम्युएल. पहिला गेला एझ्रा. पेटी आत सरकवायच्या आधी त्याच्या बायकोनं पर्समधून बिल्ला आणि एक खिळा काढला आणि चपलेच्या टाचेनं तळावर ठोकला. का, ते तिनं सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही. पुढच्या घरानं तेच केलं आणि रीत पडली.

ऑर्लीनचा बिल्ला लेम्युएलनं स्वतः ठोकला होता. अगदी पुढे, चालकाच्या आसनाच्या पाठीमागे. गाडी वळणावर कलली की तो हात मागे टाकून तो चाचपायचा. "बसलीस ना नीट?" म्हणायचा. पेटीत दुसरंच कोणी असे. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

आता मंगळवारी थॅडियस गेला होता. शनिवारी त्याला न्यायचं होतं, म्हणून तर लेम्युएल गाडी बघायला संग्रहालयात गेला होता.

*

पास्टर पुरिफॉय चाळिशीचे. त्यांच्या गळ्यात देवानं काहीतरी ठेवलं होतं. बोलता बोलता शब्दांना सूर फुटायचा, सूर चढायचा, आणि मग प्रवचन कुठं संपलं, गाणं कुठं सुरू झालं ते कोणाला कळायचं नाही. लेम्युएल चर्चचा डीकन, म्हणजे वडीलधारा सेवक, आणि ह्या गळ्यावर त्याचा जीव होता. गेली आठ वर्षं पहिल्या बाकावरून पास्टरांना पहिला हुंकार त्याचा जायचा. "बोला," म्हणायचा तो, आणि मागून सगळं चर्च बोलायला लागायचं.

"डीकन, बसा ना," पास्टर म्हणाले.

"उभाच बरा आहे."

"मला हॅल्व्हर्सन साहेबांचा फोन आला होता. मला खरंच माहीत नव्हतं. गाडी त्यांच्याकडं सोपवताना मी आपलं लिहून दिलं, जपा, लागेल तेव्हा द्या. त्यांनी छपराचं काम करून दिलं आपल्या, ते तर तुम्ही बघताच आहात."

"बघतोय. गळत नाही आता."

"मग?"

"पास्टर, तुम्ही त्या गाडीच्या मागच्या दारातून आत वाकून कधी बघितलं होतं?"

पास्टरांनी नकारार्थी मान हलवली.

"आठ वर्षं तुम्ही माझ्या शेजारी बसून स्मशानात जाता. एकदाही मागं वळून बघितलं नाहीत."

"पेटी असते ना हो मागं."

"पेटीखाली काय असतं ते म्हणतोय मी."

पास्टरांनी चष्मा काढून पुसला. "थॅडियसच्या बायकोनं, सिस्टर व्हर्डेलनं, काल त्याचा बिल्ला आणून दाखवला. हॅल्व्हर्सन म्हणतात, खिळा तेवढा मारू नका. पुढच्या महिन्यात राष्ट्रीय प्रदर्शन आहे. त्यांनी मखमलीची डबी देऊ केलीय, पेटीशेजारी ठेवायला. तेवढं ऐकावं आपण. भांडण नको, डीकन. मेलेल्या माणसाच्या दारात भांडण नको."

"मी भांडतोय का?"

"नाही, पण तुमचा चेहरा..."

"माझा चेहरा भट्टीपुढं झालाय," लेम्युएल म्हणाला. "तो असाच असतो."

दारापाशी जाऊन तो थांबला. "ऑर्लीन माझ्या बायकोचं नाव होतं, पास्टर. गाभे करायची ती. ओहायोतला कोणी माणूस आज तिला खिशात घालून फिरतोय आणि त्याला वाटतंय, काय झकास वस्तू मिळाली." एवढं बोलून तो गेला. दार त्यानं आपटलं नाही. इतक्या हळू लावलं की पास्टर बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिले.

*

शनिवारी चर्च भरलं होतं. हातपंखे हलत होते, हॅटांवरची पिसं हलत होती. व्हर्डेल पेटवे पहिल्या बाकावर, काळ्या हातमोज्यात बिल्ला घट्ट धरून. तिच्याशेजारी लेम्युएल.

पास्टरांनी सुरुवात साध्या बोलण्यानं केली, नेहमीसारखी. थॅडियस कुठून आला, दक्षिणेतल्या कुठल्या खेड्यातून, एक बूट स्वतःचा आणि एक भावाचा घालून. लोक हसले. मग आवाज जरा वर गेला.

"लोखंड काळं असतं," पास्टर म्हणाले आणि थांबले.

ही जागा लेम्युएलची होती. इथं "बोला" यायला हवं होतं. आलं नाही.

"लोखंड काळं असतं," पास्टर पुन्हा म्हणाले, "पण ते आगीत घाला..."

मागे कोणीतरी घसा खाकरला. सगळ्यांचे डोळे डीकनच्या मानेवर खिळले होते. ती मान हलली नाही. म्हाताऱ्याचे ओठ इतके मिटलेले होते की जिभेखाली काही असावं. आणि मग जुन्या बायकांना, फाउंड्रीवाल्यांच्या विधवांना, एकीमागून एक ते उमगलं. गुरुवारपासून गावात बातमी फिरतच होती. त्यांनीही तोंडं मिटली. पंखे थांबले.

सुरावर चढायला निघालेला माणूस आणि खालून हात देणारं कोणी नाही. पास्टरांनी तिसऱ्यांदा प्रयत्न केला. सूर लागला, पण एकटाच वर जाऊन रिकामा परत आला. अशी शांतता त्या चर्चमध्ये कोणी ऐकली नव्हती. ओरडून सांगितलं असतं तर सोसलं असतं. हे सोसवेना.

पास्टरांनी पुस्तक मिटलं. पायऱ्या उतरून ते खाली, पेटीजवळ आले.

"डीकन," ते साध्या आवाजात म्हणाले, "हातोडी कुठं असते आपली?"

"तळघरात," लेम्युएल म्हणाला. "खिळ्यांच्या डब्याशेजारी."

*

बाहेर उन्हात पॅरागॉन उभी होती, तळ्यासारखी चमकत. हॅल्व्हर्सन टोपी हातात घेऊन तिच्याशेजारी थांबले होते. पास्टर खिळ्यांचा डबा आणि हातोडी घेऊन येताना दिसले तसा त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, टॉलिव्हर, एक मिनिट. डबी आणलीय मी. निळी मखमल आहे."

"छान आहे," लेम्युएल म्हणाला. "तुमचे दात ठेवा तिच्यात."

व्हर्डेलला हसू आलं. नवऱ्याच्या पेटीमागे उभी राहून ती हसली आणि तिनं हातमोज्यानं तोंड दाबलं. "ब्रदर लेम, आज तरी," ती पुटपुटली. मग तिनं बिल्ला पुढे केला. लेम्युएलनं कोट काढून घडी केली, गुडघा दारात टेकवला आणि थॅडियसचा बिल्ला त्या आरशावर ठेवला. पहिल्या घावाला पॉलिश तडकलं. हॅल्व्हर्सननी डोळे मिटले.

खिशातले तीन निघाले, किल्लीचा एझ्रा निघाला. तेही ठोकले गेले. मग लेम्युएल वळला.

"सिस्टर गेन्स, एझ्रा तुमचा. बाकी कोणाचे कुठं होते, ते मला सगळे आठवत नाहीत. ज्याचं त्यानं येऊन दाखवा."

एक विधवा काठी टेकत पुढे आली. "आमचा डावीकडं होता, चाकाच्या वर. मला खात्री आहे, कारण त्याच्या पाठीला धक्के बसतील म्हणून मी रडले होते." पास्टरांनी डब्यातून खिळा काढून तिच्या हातात दिला. तिनं जागा दाखवली. लेम्युएलनं तिथं नुसता खिळा मारला. बिल्ल्याविना, उघडा.

"बाबांचा इथं."

"नाही गं, तिथं माझा भाऊ होता. तुझे बाबा पलीकडे, खिडकीखाली. जन्मभर खिडकी मागायचे ते त्या धुरात."

अशी सगळी येत गेली. दोन घरांत एका जागेवरून तंटा झाला, तर दोन खिळे शेजारीशेजारी मारले. ज्यांना आठवेना ते म्हणाले, कुठंही मारा, तो कुठंही झोपायचा. पास्टर खिळे देत होते. देता देता त्यांच्या ओठांतून नुसता सूर यायला लागला, शब्द नसलेला, आणि तो बायकांनी उचलला. चर्चमध्ये अडलेलं गाणं आता अंगणात, एका शववाहिकेच्या शेपटाशी उभं राहून वर चढू लागलं. लेम्युएल गात नव्हता. "बोला"ही म्हणाला नाही. त्याच्याकडून येत होते ते फक्त घाव.

हॅल्व्हर्सन बराच वेळ बघत होते. मग त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि स्वतःच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. त्याला बिल्ला होता. कडी निघेना, नखं मोडत त्यांनी ती काढली.

"हा मी माझ्यासाठी ठेवला होता," ते म्हणाले. "रंग छान चढला होता ह्याला."

लेम्युएलनं हात पुढे केला. त्यानं चकती उलटी केली, उन्हात धरली.

ऑर्लीनचा नव्हता.

"पेपरात देतो मी," हॅल्व्हर्सन म्हणाले. "सगळ्या क्लबांना कळवतो. लोक चांगले असतात, टॉलिव्हर. परत करतील."

"कळवा."

"मला माहीत असतं तर..."

"तुम्ही अर्धा मैल चालत आला असतात तर," लेम्युएल म्हणाला, "मी सांगितलं असतं. लिंबाचं सरबतही दिलं असतं." तो बिल्ला त्यानं व्हर्डेलकडे दिला. "ह्याचं घर शोधा."

स्मशानातली माणसं वाट बघत असतील, म्हणून कोणीतरी घाई केली. पेटी आत सरकली. खिळ्यांच्या डोक्यांवरून ती पूर्वीसारखी खडखडत गेली, आणि तो खडखडाट ऐकून जुन्या बायकांनी माना डोलावल्या.

लेम्युएलनं कोट घातला. हातोडी मात्र परत दिली नाही. चालकाच्या दारानं तो आत शिरला, आसनावर गुडघे टेकून मागे वळला आणि आसनाच्या पाठीमागच्या त्या जागी, पेटीच्या टोकापुढं, शेवटचा खिळा धरला. त्याला जागा कोणी दाखवायला नको होती. पास्टर शेजारी येऊन बसले होते. ह्या वेळी ते मागे वळून बघत होते.

एक घाव. दुसरा. तिसऱ्याला लेम्युएलनं हात आवरला. बाकी सगळे खिळे डोक्यापर्यंत आत गेले होते. हा त्यानं अर्धा वर ठेवला.

"राहिला थोडा, डीकन," पास्टर हलकेच म्हणाले.

"राहू दे," लेम्युएल म्हणाला. "अडकवायला जागा नको का?"

त्यानं इंजिन सुरू केलं. गाडी अंगणातून निघून रस्त्याला लागली, फाउंड्रीच्या जुन्या फाटकाशी आली, जिथं आता संग्रहालयाचं पार्किंग होतं. तिथल्या वळणावर ती कलली. म्हाताऱ्याचा उजवा हात सवयीनं मागे गेला, खिळ्याच्या उघड्या डोक्यावर बोट टेकलं आणि वळण सरेपर्यंत तिथंच राहिलं.